हेलिकॉप्टर दैवाने पडत नाही

हेलिकॉप्टर हे बड्या लोकांचे वाहन. नांगर धरणाऱ्याचा, वाकस व हातोडा चालविणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे आमचे काही वाचक म्हणतील. त्यांस आमचे सांगणे असे की, संबंध आहे आणि तो दिवसेंदिवस वाढत आहे. निवडणूक आली की पुढारी आकाशातून उतरतो तो आमच्याच शाळेच्या मैदानावर. नवरदेवाची हौस म्हणून हेलिकॉप्टर भाड्याने येते व उतरते ते आमच्याच पडीक रानात. सप्ताहाच्या मांडवावर वरून फुले टाकण्याची नवी चाल निघाली आहे. त्या मांडवाखाली बसलेली माणसे आमचीच. केदारनाथाची यात्रा करावी अशी म्हाताऱ्या मायबापांची इच्छा असते, गुडघे चालत नाहीत, म्हणून लेक कांद्याच्या पट्टीतून पैसे बाजूला ठेवून त्यांचे तिकीट काढतो. यंत्र दुसऱ्याचे असेल, पण त्याच्या आत, त्याच्याखाली आणि त्याच्याभोवती माणसे आपली आहेत. तेव्हा हे यंत्र का पडते, हे आपल्याला कळलेच पाहिजे.

असे यंत्र पडले की आपल्या पारावर काय बोलले जाते? "वेळ भरली होती." "ललाटीचे कुणाला चुकले आहे?" दोन दिवस हळहळ, तिसऱ्या दिवशी विसर. वाचकहो, विहिरीचे बांधकाम ढासळले तर आपण गवंड्यास विचारतो की, चुना कमी पडला काय? गाडीचे चाक वाटेत निखळले तर सुतारास विचारतो की, आरा कच्चा होता काय, व लोहारास विचारतो की, धाव सैल बसविली होतीस काय? तेथे आपण दैवाचे नाव घेत नाही. मग लाखो रुपयांच्या यंत्राची वेळ आली म्हणजेच दैव कोठून येते? ज्याची चूक असते त्याला दैव फार सोयीचे असते. दैवावर खटला भरता येत नाही व दैवाकडे हिशेबही मागता येत नाही.

आधी हे यंत्र उडते कसे ते थोडक्यात पाहू. हलकी हेलिकॉप्टरे दोन ते सात माणसांची असतात. रॉबिन्सन कंपनीचे आर-४४ हे चार आसनांचे. त्याला एकच पिस्टन इंजिन व दोन पाती. केदारनाथाच्या वाटेवर चालते ते बेल ४०७. त्यात वैमानिक व सहा उतारू बसतात, पण इंजिन त्यालाही एकच. वरची पाती फिरून हवा खाली लोटतात व त्या जोरावर यंत्र वर उचलते. वरचा पंखा एका दिशेने फिरला की धड उलट दिशेने गरगरू पाहते. त्याला आवर घालण्यासाठी शेपटीला लहान पंखा असतो. विमानाचे इंजिन बंद पडले तर ते पंखांच्या आधारे घारीसारखे तरंगत काही अंतर जाते. हेलिकॉप्टरचा सारा भार फिरत्या पात्यांवर असतो. पात्यांचा वेग मंदावला की सारे संपले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढची बहुतेक कारणे तिच्यातूनच निघतात.

पहिले कारण धुके व ढग. हलक्या हेलिकॉप्टराचा वैमानिक बहुधा डोळ्यांनी जमीन पाहून उडतो. ढगात शिरल्यावर वर-खाली व डावे-उजवे कळेनासे होते. कान व शरीर खोटी साक्ष देतात. यंत्र कलंडलेले असते आणि बसलेल्यास ते सरळ वाटते. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात वीस शिकाऊ वैमानिकांवर एक प्रयोग झाला. विमानात बसवून त्यांना बाहेरचे काही दिसू दिले नाही. ताबा सुटण्यास सरासरी १७८ सेकंद लागले. पुरती तीन मिनिटेही नाहीत! आणि ते विमान होते; हेलिकॉप्टर तर विमानापेक्षा चंचल.

याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. २ ऑक्टोबर २०२४ रोजी सकाळी पुण्याजवळ बावधन येथे एक हेलिकॉप्टर जुहूकडे जाण्यासाठी उडाले. डोंगरावर धुके होते. उडाल्यावर थोड्याच वेळात ते पडले व आतील तिघेही गेले. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी केदारनाथाजवळ गरुडचट्टीला धुक्यात बेल ४०७ पडले, सात ठार. १५ जून २०२५ रोजी पहाटे गौरीकुंडाजवळ पुन्हा बेल ४०७, पुन्हा खराब हवा, पुन्हा सात ठार. त्यांत आमच्या विदर्भातले यात्रेकरूही होते. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ सरसेनापती बिपिन रावत यांच्यासह चौदा जण गेले. ते यंत्र मोठे होते, लष्करी होते, चालविणारा तरबेज होता; तरी हवा अचानक पालटून यंत्र ढगात शिरले व वैमानिकाचे दिशाभान गेले, असाच निष्कर्ष चौकशीत निघाला. १९ मे २०२४ रोजी इराणचे राष्ट्राध्यक्ष रईसी यांचे हेलिकॉप्टर डोंगरात धुक्यातच गेले. ढग राजा पाहत नाही आणि रंकही पाहत नाही.

दुसरे कारण तारा. विजेची तार वरून दिसत नाही. खांब दिसतो, पण तार मागच्या रानाच्या रंगात मिसळून जाते. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात निलंगा येथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाण करताच तारांत अडकून वस्तीलगत खाली आले. सुदैवाने सर्व वाचले, असे वर्तमानपत्रांनी लिहिले. आम्ही विचारतो, सुदैव कशाला? तारा तेथे आदल्या दिवशीही होत्याच की! ८ मे २०२५ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यात गंगनानीपाशी यात्रेकरूंचे बेल ४०७ रस्त्यावर उतरू पाहत असता त्याची पाती रस्त्यालगतच्या एका केबलीत अडकली व यंत्र दरीत गेले, असे चौकशीच्या प्राथमिक अहवालात आहे. सहा माणसे मेली, एक वाचले. आमच्या गावांत तर प्रत्येक विहिरीला वायर गेलेली, प्रत्येक वस्तीला खांब, वर्षानुवर्षे लोंबणाऱ्या तारा. त्या कोठे कोठे आहेत हे मुंबईहून आलेल्या वैमानिकाला ठाऊक नसते. ते गावच्या वायरमनला व शेतात पाणी धरणाऱ्या गड्याला ठाऊक असते. परंतु त्याला विचारतो कोण?

तिसरे कारण भार व ऊन. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पाती तितकेच फिरतात, पण उचल कमी मिळते. नगरची (आताच्या अहिल्यानगरची) उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर. वैशाखात पारा ४२ अंशांवर गेला म्हणजे येथील हवा, कडाक्याच्या थंडीत आपल्या अकोले तालुक्यातील कळसूबाईच्या माथ्यावर असावी, जवळजवळ तितकी विरळ होते. कळसूबाई १६४६ मीटर उंच. म्हणजे यंत्र उभे असते नगरच्या माळावर, पण हवा त्याला मिळते डोंगरमाथ्यावरची. लग्नसराई व प्रचार दोन्ही ऐन उन्हाळ्यात. त्यात नवरानवरी, करवली, मामा, आहेराच्या पेट्या असे सगळे कोंबावयाचे! बैल थकला तर थांबतो. इंजिन थांबत नाही, ते ओढत राहते आणि पात्यांचा वेग गळत जातो. केदारनाथ तर साडेअकरा हजार फुटांवर. तेथील हवा समुद्रकाठच्या हवेच्या सुमारे सात दशांश. तेथे एक जास्तीचे गाठोडेसुद्धा हिशेबात धरावे लागते. म्हणून तिकिटापूर्वी माणसांचे वजन करतात, त्याचा राग मानू नये. जो वजन करीत नाही त्याच्या यंत्रात बसू नये.

चौथे कारण जमिनीजवळची चाल. यंत्र सरळ खाली वेगाने उतरू लागले तर ते स्वतःच लोटलेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडते. मग जोर वाढवावा तर भोवरा वाढतो व यंत्र आणखी खाली जाते. पुढे सरकून त्यातून बाहेर पडावे लागते. त्यास उंची लागते, आणि जमीन जवळ असली तर उंची कोठून आणावी? दुसरा धोका शेपटीकडील वाऱ्याचा. वेग कमी असता वारा वाईट कोनातून आला तर शेपटीचा पंखा पुरा पडत नाही व यंत्र एकाएकी गरगरू लागते. तिसरा धोका दोन पात्यांच्या हलक्या यंत्रांचा. हवेत दांडा एकदम पुढे ढकलला तर पात्यांवरचा भार नाहीसा होतो; मग चुकीच्या दिशेने सावरू गेल्यास पात्यांचे मूळ दांडीवर आदळून दांडीच तुटू शकते. अशा अपघातांमुळे १९९५ साली अमेरिकी सरकारने आर-२२ व आर-४४ चालविणाऱ्यांसाठी खास शिक्षणाचा नियम केला. आर-४४ जातीचेच एक हेलिकॉप्टर ११ डिसेंबर २०१६ रोजी मुंबईत आरे वसाहतीत हौसेच्या फेरीवर असता पडले व वैमानिकाचा प्राण गेला.

इंजिन बंद पडले तर काय, असे कोणी विचारील. त्याला उपाय आहे. सुप्याच्या डोंगरावरील पवनचक्क्या वाऱ्याने फिरतात, तद्वत् खाली येणाऱ्या हेलिकॉप्टराची पाती खालून येणाऱ्या हवेने फिरत ठेवता येतात व यंत्र अलगद टेकविता येते. परंतु त्यासाठी एक-दोन सेकंदांत दांडा खाली करावा लागतो आणि पुरेशी उंची किंवा पुरेसा वेग हाताशी असावा लागतो. उंची थोडी व वेगही नाही, अशा ठिकाणी इंजिन गेले तर जगातला उत्तम वैमानिकही फारसे काही करू शकत नाही. आता वाचकांनीच विचार करावा. मांडवावर फुले टाकताना यंत्र कोठे असते? थोड्या उंचीवर, जवळजवळ स्थिर, फुलांच्या व माणसांच्या भाराने जड, भोवती पताका, खांब व तारा, आणि खाली हजारो माणसे. वर सांगितलेले बहुतेक धोके त्या एका जागी गोळा केलेले असतात. फुले हाताने वाहिली तर देवाला पोहोचत नाहीत काय?

पाचवे कारण देखभाल. वंगण आटले, खिळा झिजला, नळी चिरली, की मोठे यंत्रही मातीमोल. आमच्या मोटेच्या नाडीची झीज बैल सांगत नाही, ती आपणच पाहावी लागे, तसेच हे. आणि बिघाड एकटा येत नाही. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्रचे मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी यांचे बेल ४३० नल्लमलाच्या जंगलात पडले. पाच जण गेले. चौकशीत असे आढळले की, वंगणाच्या दाबाचा बिघाड दिसल्याने दोघे वैमानिक पुस्तकात उपाय शोधू लागले व तेवढ्यात समोरच्या वादळी हवेकडे लक्ष राहिले नाही. बिघाड, वादळ व घाई एकत्र आली. एकेकटी आली असती तर कदाचित निभावले असते.

परंतु या पाचही कारणांच्या मुळाशी एक सहावे आहे आणि खरे बोलावयाचे ते त्याच्याविषयीच. ते यंत्रात नसून माणसांत आहे. धुके वैमानिकाला दिसते. भार त्याला कळतो. तारांचा संशय त्याला येतो. मग तो उडतो का? कारण मागे बसलेला मनुष्य मोठा असतो व त्याला पुढची सभा गाठावयाची असते. कारण मालकाने दिवसाच्या फेऱ्या मोजून ठेवलेल्या असतात. कारण भटजीने सांगितलेला मुहूर्त टळत असतो व नवऱ्याचा बाप घड्याळ दाखवीत असतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण आपल्या आजीने उगीच केली नाही. आता नवरा आकाशात उतावळा झाला आहे, इतकेच. वैमानिकाचा पोशाख कितीही झकपक असो, तो अखेर पगारी मनुष्य आहे. 'नाही' म्हटले तर उद्या दुसऱ्याला बोलावतील, ही धास्ती त्यालाही आहे.

कारागीर बंधूंनो, ही गोष्ट तुम्हास समजावून सांगण्याची गरज नाही. कच्च्या लाकडाची गाडी करून दे, दोन दिवसांत दे, असे पाटलाने दरडावले म्हणजे सुताराच्या मनाची काय अवस्था होते, हे तुम्ही जाणता. आपल्या धंद्यात आपला शब्द शेवटचा असावा, ही कारागिराची मागणी पुरातन आहे व ती न्याय्य आहे. आकाशात तर तो जीवनमरणाचा प्रश्न आहे. वैमानिकाने "आज उडणार नाही" म्हटले की तेथे मंत्र्याचे, मालकाचे व मुहूर्ताचे काही चालू नये. यंत्र जाणणाऱ्याच्या शब्दाला मान नाही, त्या समाजात कितीही महागडी यंत्रे आली तरी ती पडतच राहणार.

आता आमच्या शाळांविषयी. आम्ही मास्तर मंडळी, म्हणून हे अधिक कळकळीने लिहितो. मैदानावर चुन्याचा गोल काढला की अभ्यास संपला. मुले रांगेत उभी करावयाची, हातात झेंड्या द्यावयाच्या, उन्हात दोन-दोन तास ताटकळत ठेवावयाचे. यंत्र उतरताना धूळ उडते, तीत वैमानिकालाही जमीन दिसत नाही. पत्रे, कापडी फलक व मंडपाचे तुकडे उडून पात्यांत जाऊ शकतात. आणि यंत्र थांबण्यापूर्वीच हारतुरे घेऊन धावणारे पुढारी असतातच. त्यांच्यामागे मुले धावतात. शेपटीचा पंखा फिरू लागला की तो डोळ्यांना दिसतच नाही. २३ एप्रिल २०२३ रोजी केदारनाथ येथे एक सरकारी अधिकारी त्याच पंख्याच्या तडाख्यात सापडून मरण पावला. रोज हेलिकॉप्टरांत वावरणाऱ्या खात्याचा मनुष्य चुकतो, तेथे दहा वर्षांच्या पोराने काय करावे?

म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक घरात सांगाव्यात. पाती पूर्ण थांबेपर्यंत जवळ जाऊ नये. जाणे भागच पडले तर वैमानिकाने खूण केल्यावर, त्याच्या नजरेसमोरून व वाकून जावे. शेपटीकडे कधीही जाऊ नये. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने जाऊ नये, कारण तेथे पाती डोक्याच्या उंचीला येतात. टोपी, पदर, उपरणे आवरून धरावे. आणि यंत्र पडलेच तर जखमींना मदत करावी, पण बघ्यांची गर्दी करू नये. तेल सांडलेले असते व एका विडीने भडका होतो. २४ ऑगस्ट २०२४ रोजी मुळशी तालुक्यात पौडजवळ हेलिकॉप्टर पडले, तेव्हा आतील चौघेही जिवंत होते. अशा वेळी पहिला हात गावकऱ्याचाच पोहोचतो. तो हात शहाणा असला पाहिजे.

आम्ही हेलिकॉप्टराचे वैरी नाही. २०१३ च्या केदारनाथच्या प्रलयात हजारो यात्रेकरूंना याच यंत्राने उचलून आणले, आणि त्या कामात २५ जून रोजी गौरीकुंडाजवळ यंत्र पडून वीस जवानांनी प्राण दिले. पुरात अडकलेल्यांसाठी जीव धोक्यात घालणे ही एक गोष्ट, आणि वरात मिरविण्यासाठी घालणे ही दुसरी. त्यातही ती वरात पुष्कळदा सावकाराच्या किंवा पतपेढीच्या कर्जावर निघते. ज्या पैशात मुलीचे शिक्षण पुरे झाले असते तो पंधरा मिनिटांच्या घरघराटात उडतो. ऋण काढून सण हे आपले जुने दुखणे; त्याला आता पाती फुटली आहेत.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. शाळा भरलेली असता शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरवू नये. कोठेही तात्पुरते हेलिपॅड करण्यापूर्वी गावच्या वायरमनला व भोवतालच्या शेतकऱ्यांना बोलावून तारांचा नकाशा करावा व तो वैमानिकाच्या हाती द्यावा. माणसांच्या गर्दीवर फुले टाकण्यास परवानगी देऊ नये. हवा वाईट म्हणून उड्डाण रद्द करणाऱ्या वैमानिकाची रोजी बुडू नये, अशी तरतूद सरकारने करावी. आणि केंद्र सरकारचे विमान-अपघात चौकशीचे जे खाते आहे, त्याचे अहवाल इंग्रजीत निघतात. अपघात महाराष्ट्रात झाला वा त्यात मराठी माणूस मेला, तर अहवालाचा सारांश मराठीत द्यावा. मेलेल्याच्या म्हाताऱ्या आईला आपला मुलगा कशाने गेला हे तिच्या भाषेत कळावे, हा तिचा हक्क आहे. तो मिळेपर्यंत तिच्या हाती "दैव" एवढा एकच शब्द राहतो.

यांतील पहिल्या तीन मागण्यांसाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या ग्रामसभेत त्या मांडाव्यात, ठराव करावा व त्याची नक्कल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी. पुढारी रागावतील. त्यांस नम्रपणे सांगावे की, साहेब, आपण मोटारीने या. रस्ता किती वाईट आहे तेही आपणास कळेल.